वरचं झाड हिरवं होतं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा चित्रं काढणे, राहणार याच घराच्या वरच्या मजल्यावर, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी ते आज राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिला आहे. डोक्याचा दाखला मी कसा देऊ, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझं डोकं जे काही चालतं ते डोळ्यांवरच चालतं आणि आत डोकावलेले तुम्ही एकटेच आहात, तेव्हा तुम्हीच द्या. कोणाच्या दबावाखाली मी हे करत नाही. माझ्यावर दबाव टाकू शकणारी माणसं एक तर गेली किंवा दमली.

यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. पहिलं मी रागात केलं होतं आणि दुसरं कंटाळ्यात. दोन्हींत माझं मोठं चित्र संग्रहालयाला दिलं होतं. आता मत बदललं आहे, ते का, याचा खुलासा पुढे चित्राच्या कलमात येईल.

वकीलबाईंनी मला छान टाइप केलेला मसुदा करून दिला होता. त्यात माझ्या धाकट्या बहिणीला ‘सदरहू भगिनी’ म्हटलं होतं. धाकटीला सदरहू म्हटलेलं मला ऐकवेना. तिला आयुष्यात कोणी सदरहू म्हटलेलं नाही, मीही सुरुवात करणार नाही. म्हणून सगळं पुन्हा माझ्या हाताने लिहिलं आहे. कायद्याची वाक्यं तेवढी राहू द्या अशी वकीलबाईंनी विनंती केली, ती जमेल तिथे पाळली आहे.

कलम १. राहतं घर. हे घर मी आणि माझ्या यजमानांनी मिळून घेतलं, आता ते माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सर्व हक्कांसह माझ्या मुलाला मिळावं. जिन्याची वरून तिसरी पायरी हलते, ती त्याने आधी दुरुस्त करावी. मी त्याला हे तो कॉलेजात असल्यापासून सांगते आहे. आता कायदेशीर झालं.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलाचं आणि सुनेचं, निम्मं-निम्मं. सुनेचा हिस्सा वेगळा लिहिते, कारण घरात कोणाचा हिस्सा कुठे संपतो यावर मी बरंच भोगलं आहे.

कलम ३. कुंचले, खल, रंग वाटायचा दगड हे सुनेला. ती खिडक्यांच्या चौकटी रंगवते ते मी पाहिलं आहे. कडेला रंग सांडत नाही तिचा. चित्रं काढ असं मी तिला कधी म्हटलं नाही, आता म्हणते. मागच्या अंगणातल्या निळीच्या रांजणाला मात्र तिने हात लावू नये. त्याची व्यवस्था कलम ७ मध्ये आहे. तोवर मुलाने तो रोज ढवळावा आणि वास येतो म्हणून नाक मुरडू नये. त्याच वासावर त्याच्या शाळेची फी भरली गेली.

कलम ४. तळमजल्यावर शिंपी आहे, आमचा जुना भाडेकरू. त्याने माझे सगळे झगे शिवले, माझ्या कॅनव्हासांच्या कडा दुमडून दिल्या आणि उसाभर करताना कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याला या मृत्युपत्रात मी काहीही देत नाही. एक बटणसुद्धा नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. त्याला वगळलं आहे ते मुद्दाम, आणि सह्यांच्या दिवशी त्याने दुकान सोडून कुठे जाऊ नये असं त्याला सांगून ठेवलं आहे.

कलम ५. ज्या समीक्षकांनी माझ्या चित्रावर मोठा लेख लिहिला त्यांना, ते हयात असल्यास, माझ्या कपाटातला प्रदर्शनाचा फोटो द्यावा. फोटोत ते माझ्या चित्राशेजारी हाताची घडी घालून उभे आहेत आणि चित्र उलटं टांगलेलं आहे. वरची बाजू खाली. उद्घाटनाला शंभर माणसं होती, एकाच्याही लक्षात आलं नाही. मी सांगितलं तेव्हा संग्रहालयाचे संचालक म्हणाले, ‘हेच तर या कलाकृतीचं सामर्थ्य आहे, ताई.’ फोटोच्या मागे मी बाण काढून ‘वर’ असं लिहिलं आहे.

कलम ६. चित्र. संग्रहालयाच्या पुस्तिकेत याचं नाव ‘निळं झाड’ छापलं आहे. हे नाव मी दिलेलं नाही. मागे पेन्सिलीने मी ‘तळ्याकाठचं झाड’ एवढंच लिहिलं होतं. जाड सुती कापडावर, निळीत आणि फुलांच्या पिवळ्यात केलेलं, माझ्याहून उंच, सध्या माझ्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर.

आमच्या माहेरी कापड रंगवायचा धंदा होता. आजोबांच्या हातचे मोठे पडदे घरात सगळीकडे असायचे. मधोमध झाड, डावीउजवीकडे सारख्या फांद्या, समोरासमोर तोंड करून बसलेले पक्षी आणि चारी बाजूंनी लाटांची किनार. मी आणि धाकटी त्या झाडांखाली झोपून मोठ्या झालो. पुढे मी कलाशाळेत गेले, तर तिथले मास्तर म्हणाले, हे जुनंपुराणं टाक, बाहेर जाऊन डोळ्यांनी बघ आणि काढ. गेले. आमच्या अंगणामागे कापड धुवायचं तळं होतं, त्याच्या काठाला एक झाड. धुणं आटपल्यावर पाणी स्थिर झालं की तेच झाड पाण्यात उलटं दिसायचं. दोन्हीकडे सारख्या फांद्या! आजोबांनी जे डावंउजवं केलं होतं तेच इथे वरखाली होतं. म्हणजे मास्तरांनी टाकायला सांगितलेलं बाहेर आपसूक उभं होतं. मी तेच काढलं. वर झाड, मधे पाण्याची एक रेघ, खाली त्याचं बिंब. पक्षी दोनच, एक वर आणि एक पाण्यात. किनार आजोबांची, जशीच्या तशी.

वरचं झाड हिरवं, खालचं निळं. याहून जास्त अक्कल मी त्यात घातलेली नाही.

आता हिरव्याबद्दल. आमच्याकडे हिरवा रंग वेगळा असा नव्हताच. आधी पानं निळीत करायची, मग त्यांच्यावर कुंचल्याने पिवळा चढवायचा, की झाली हिरवी. निळा पक्का असतो. पिवळा फुलांचा, तो उजेडाने उडत जातो. म्हणून दर वर्षी थंडी सरली की सगळे पडदे खाली उतरवून पानांना पुन्हा पिवळा द्यायचा, ही आमच्या घराची रीत. आईने मला निळा शिकवला आणि धाकटीला पिवळा. तिच्या चुलीपाशी मला उभं राहू देत नसे आणि माझ्या रांजणाजवळ तिला. मी एकदा चिडून विचारलं, ‘आम्हाला दोन्ही का नाही शिकवत?’ आई म्हणाली, ‘एकीलाच दोन्ही आले तर दुसरीला कोण विचारतंय? हिरवा हवा असेल तर एकमेकींशी बोलावं लागेल.’ आमचे स्वभाव तिने ओळखले होते.

त्यामुळे या झाडाची वरची अर्धी बाजू एकटी माझी कधीच नव्हती. मी इथे राहायला आल्यावरही दर वर्षी धाकटी यायची. टॉवेलात गुंडाळलेलं पिवळ्याचं भांडं छातीशी धरून, जिन्याच्या नावाने बोटं मोडत. चित्र जमिनीवर पसरून आम्ही दोघी गुडघ्यांवर बसायचो. ती वरून सुरू करायची, मी पाण्याच्या रेघेकडून. तिची पानं नेहमी माझ्याआधी व्हायची. मग ती माझ्यातली करायला घ्यायची आणि वर बोलून दाखवायची.

एका वर्षी चित्र लांबच्या प्रदर्शनांत फिरत राहिलं. दिव्यांच्या झोतात होतं. परत आलं तेव्हा पिवळा पार उडालेला, वरचं झाड निळं, खालचंही निळं. त्यांतल्या शेवटच्या प्रदर्शनात समीक्षकांनी ते पाहिलं आणि मासिकात लेख लिहिला. ‘दोन्ही झाडं निळी, यातलं खरं कोणतं आणि भास कोणता, हाच आजच्या माणसाचा प्रश्न आहे.’ आजच्या माणसाचा प्रश्न म्हणे! पिवळा उडालाय हो, आणखी काय! मी त्यांना पत्र घातलं की वरचं हिरवं आहे आणि त्यातला पिवळा माझ्या बहिणीचा आहे. त्यांनी ते पुढच्या अंकात ‘कलावतीचं गूढ उत्तर’ म्हणून छापलं.

त्या वर्षी धाकटी आली ती एका हातात भांडं आणि दुसऱ्या हातात तो अंक घेऊन.

‘यात मी कुठंय?’ तिने दारातूनच विचारलं.

‘अगं, लेख मी लिहिलाय का?’

‘चित्र तर तुझंय ना? मग सांगायचं त्यांना.’

‘सांगितलं. त्यांना वाटलं मी कोडं घालतेय.’

‘ताई, तुला निळंच बरं वाटतंय. निळं असलं की तुझ्या एकटीचं होतं.’

मी म्हटलं, ‘तुला वाटायचं ते वाटू दे.’

‘मग राहू दे निळंच,’ असं म्हणून ती आली तशी गेली. भांड्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. भांडं अजून गरम होतं.

तिथून पुढे आम्ही बोललो नाही. भांडण तिने काढलं तेव्हा तिने यायला हवं, असं माझं म्हणणं. थोरली मी, तेव्हा मी जायला हवं, असं तिचं म्हणणं माझ्या मुलाकडून कानावर यायचं. दोघींचं म्हणणं वर्षानुवर्षं अगदी ताठ राहिलं, गुडघे मात्र दोघींचे गेले. मधल्या काळात मी स्वतः पिवळा करून पाहिला. दर वर्षी फुलं आणते, वाळवते, उकळते, तुरटी घालते. यजमानांच्या जुन्या बनियनवर लावून बघते. मुलगा म्हणाला, ‘आई, या बनियनला कावीळ झालीय.’ चित्राला तो लावायची माझी हिंमत झाली नाही.

आणि तरी मला फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण पुढे पुढे मला झाड तसं निळं दिसतच नव्हतं. थोडं मळकट, पण हिरवटच दिसायचं. लोक निळं निळं करतात, तर करू देत, असं मी म्हणायचे. मग यंदा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की डोळ्यातलं भिंग म्हातारपणी पिवळं पडतं आणि माणूस सगळं त्या पिवळ्यातून पाहतो. म्हणजे इतकी वर्षं झाडाला पिवळा मीच देत होते, डोळ्यातल्या डोळ्यात! पट्टी निघाल्यावर घरी आले, खिडकी उघडली आणि भिंतीकडे पाहिलं. वर निळं, खाली निळं. कुठलं झाड आणि कुठलं पाणी, मला स्वतःलाच कळेना. मी जमिनीवर बसले आणि रडले. सून धावत आली, तिला वाटलं डोळा दुखतोय.

कलम ७. चित्राची व्यवस्था. संग्रहालयाला चित्र आहे तसं हवं आहे. संचालकांचं पत्र आलं आहे की ते काचेआड, मंद उजेडात, जसंच्या तसं ‘चिरंतन’ ठेवतील आणि त्याला कोणीही हात लावणार नाही. चांगली माणसं आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही.

वकीलबाईंकडून मला कायद्यातली एक गोष्ट कळली. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. दिलं असलं तरी जातं. हे ऐकल्याबरोबर मी म्हटलं, ‘मग डॉक्टरांबरोबर दुसरी साक्षीदार म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला बोलवा.’ वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, ‘आई, सरळ फोन कर ना मावशीला.’ फोन ती ठेवून देईल. मी दारात गेले तर दार लावून घेईल. पण साक्षीला बोलावलं तर ती नक्की येईल, कारण साक्षीदाराला काही मिळत नाही हे तिला ठाऊक असणारच, आणि मला तुझं काही नको हे चारचौघांत दाखवायची संधी ती सोडायची नाही. शिवाय ती वाचल्याशिवाय सही करत नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचते. तेव्हा धाकटे, तू हे वाचत असशील. नीट बस. खुर्ची खिडकीजवळची घे, दुसरी डुगडुगते.

माझी व्यवस्था अशी. धाकटीने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, तर कायद्याप्रमाणे तिला काही मिळणार नाही. मग चित्र संग्रहालयाला जावं, निळं ते निळंच राहावं आणि निळीचा रांजण रिकामा करून पालथा घालावा. तिने सही केली नाही, तर चित्र तिचं. रांजणही तिचा. त्याला गूळ-चुना किती खाऊ घालायचा, कधी ढवळायचं, ते मी तिला शिकवीन, आईने नको म्हटलं होतं तरी. मी गेल्यावर चित्राचं काय करायचं ते ती ठरवेल. विकलं तरी हरकत नाही. दोघी गेल्यावर काय, असं मुलाने विचारलं. मग होईल निळं. तोवर कोणी तरी पिवळा शिकून घ्या म्हणावं.

मृत्युपत्र माझ्या मरणानंतर लागू होतं हे मला कळतं. पण पिवळा मला त्याआधी हवा आहे. नवे डोळे मिळाले आहेत तर मला ते झाड एकदा हिरवं बघायचं आहे. आणि मला धाकटीची फार आठवण येते. हे शेवटचं वाक्य कायद्यात बसत नाही, काढून टाका, असं वकीलबाई म्हणाल्या. ठेवलं आहे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या मागे भाषणं होऊ देऊ नयेत, विशेषतः प्रतीकांवर.

येथवरचा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला तो मान्य आहे.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्यांच्या आधी लिहिलेली. धाकटी आली. जिन्याच्या नावाने बोटं मोडतच आली. माझ्याकडे न बघता वकीलबाईंना म्हणाली, ‘कुठे करायची सही?’ मग चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. खिडकीजवळच्या खुर्चीवर. खोलीत डॉक्टर, वकीलबाई, मुलगा, सून, सगळे भिंतीला टेकून उभे.

कलम ६ मध्ये तिने बोट ठेवलं. ‘हे चूक आहे. भांडं गरम नव्हतं, उकळतं होतं. घरी जाईपर्यंत हात भाजला होता माझा.’ मला हे माहीत नव्हतं. तिने तळवा दाखवला, तिथे अजून एक डाग आहे. तेव्हा कलम ६ मधलं ‘गरम’ हे ‘उकळतं’ असं वाचावं, या दुरुस्तीखाली माझी छोटी सही आहे.

मग ती शेवटपर्यंत वाचत गेली. वाचून झाल्यावरही कागद हातात धरून बसली. भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. वकीलबाईंनी पेन पुढे केलं, तिने घेतलं, टोपण काढलं. तिने टोपण परत लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

‘मी सही करणार नाही,’ ती म्हणाली.

वकीलबाईंनी रीतीप्रमाणे कारण विचारलं.

‘कारण मला पाहिजे ते.’ एवढं ती मोठ्याने बोलली. मग माझ्याकडे वळून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ‘ताई, फुलं कुठं ठेवतेस तू?’

सुनेने डबा आणून दिला. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. ‘उन्हात वाळवलीस ना? अगं बाई, सावलीत वाळवायची असतात! आईने एवढंही नाही सांगितलं तुला?’ नाहीच सांगितलं. आता ती खाली स्वयंपाकघरात आहे, माझ्या पातेल्यांना नावं ठेवते आहे आणि माझ्या मुलाला चांगली फुलं आणायला पिटाळलं आहे. मला लवकर सही करून खाली जायला हवं. मला चुलीपाशी उभं राहू देणार आहे का, ते विचारायचं आहे.

मृत्युपत्र करणारीची सही: केली आहे, खाली जायच्या घाईत वाकडी आली आहे, पण ती माझीच आहे हे डॉक्टरांनी पाहिलं आहे.

साक्षीदार पहिले: डोळ्यांचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. हे खोडलं आहे. तिच्या जागी तळमजल्यावरचा शिंपी, ज्याला या मृत्युपत्रात काहीही दिलेलं नाही. दुकानातून हाक मारताच आला, गळ्यात टेप तसाच, सही करून विचारलं, ‘ताई, म्हणजे मी याच्यासाठीच?’ हो, याच्यासाठीच.

स्थळ: वरचा मजला, खिडकीसमोर.

तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे ती. थंडी सरली आहे.